थर न चढलेली जागा

जस्ताच्या फॉस्फेटचा थर नीट चढला असेल, तर लोखंड चमकत नाही. ते फिकट राखाडी दिसतं, ओल्या हाताने पाटी पुसल्यावर मागे खडू उरतो तसं. त्यावर नख फिरवलं तर बारीक खरखर लागते. ती खरखर म्हणजे स्फटिक. भिंगाखाली ते एकमेकांत घुसलेल्या पात्यांसारखे दिसतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा नसते.

त्या सकाळी रॅकवरच्या एका पट्टीवर मोकळी जागा होती. पट्टी हातभर लांब, तीन बोटं रुंद. तिच्या एका टोकाशी ओळीने चार डाग होते आणि त्या डागांपुरतं खालचं लोखंड नव्यासारखं चमकत होतं. तीन डाग लांबट होते, त्यांत बोटावर असतात तशा रेघा होत्या. चौथा आखूड, गोल आणि गुळगुळीत होता. त्यात रेघ नव्हती.

मी पट्टी उलटी केली. मागच्या बाजूला अंगठा होता आणि तळव्याची कड.

कोणीतरी ती मुठीत घट्ट धरली होती. कोणी, ते मला लगेच कळलं, कारण तोच हात गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या दंडावर होता. तीन लांब निळे डाग आणि एक आखूड. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे, मग गेले. पट्टीवरचे जाणारे नव्हते.

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं शेवटचं पेर फार पूर्वी प्रेसमध्ये गेलं.

कारखाना आमचा घरचाच. पुढच्या शेडमध्ये प्रेस, तिथे नवरा आणि त्याची माणसं पत्रा कापायची, वाकवायची. मागच्या शेडमध्ये टाक्या, त्या मी आणि माझे धाकटे दीर बघायचो. मी रसायनशास्त्र शिकलेली. “आमच्याकडे केमिस्ट बिनपगारी आहे, वर भाकऱ्याही भाजते,” असं नवरा चारचौघांत सांगायचा आणि चारचौघं हसायचे. मागच्या शेडला तो न्हाणीघर म्हणायचा. “काय, झाल्या का पट्ट्या न्हाऊन?” एवढाच त्याचा त्या शेडशी संबंध.

पण ते न्हाणं नव्हे. फॉस्फेटच्या टाकीतलं गरम आम्ल आधी लोखंडाला चावतं. चावता चावता लोखंडाला लगटून असलेलं आम्ल संपत येतं आणि आम्लाच्या जोरावर विरघळून राहिलेलं जस्ताचं फॉस्फेट निराधार होतं. ते तिथेच, चावा बसलेल्या जागी, स्फटिक होऊन बसतं. चावा नाही तिथे थर नाही. आणि तेलकट बोट जिथे लागलं असेल तिथे आम्लाचा दात पोचतच नाही. म्हणून मागच्या शेडमध्ये एकच कायदा होता: तेल काढलेल्या पट्टीला उघडा हात लावायचा नाही. सुती मोजे घालायचे.

आदल्या दिवशी सकाळी त्या कायद्यावरूनच वाजलं होतं. टाक्यांवर काम करणारा माणूस अंगाने अगदी काडी, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याने उघड्या हातांनी पट्ट्या टांगल्या आणि अख्खा रॅक ठशांनी भरून बाहेर आला. माझे दीर एरवी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

“मोजे घातले तर काय हात गळून पडतात तुझे?”

“घामाने बोटं शिजतात, छोटे मालक. तुम्ही घालून बघा की एकदा.”

“शिजू देत! सगळा रॅक पुन्हा पहिल्यापासून करायचा आता. रोज तेच. डोकं आहे का खोकं?”

पैलवानाने हातातला लोखंडी आकडा फरशीवर आपटला. “एक दिवस तुमचंच डोकं फोडतो, मग बघू खोकं कुणाचं ते.”

सगळे हसले. दीरही हसले. “आधी थोडं दूध पीत जा,” ते म्हणाले आणि स्वतःच्या खिशातले मोजे काढून त्याच्या अंगावर फेकले.

दुपारी जेवायच्या सुट्टीत शेड रिकामी झाली. धुऊन तयार झालेला रॅक फॉस्फेटच्या टाकीवर टांगलेला होता. सुट्टी संपली की बुडवायचा. मी कोपऱ्यातल्या केबिनमध्ये टाकीतल्या आम्लाची मोजणी करत होते. ब्युरेटच्या उभ्या काचनळीतून थेंब पडत असताना मी नेहमी एक वाक्य मनात म्हणायचे: मी या घरात राहणार नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत आले होते. रंग बदलला की तोटी बंद करायची आणि वाक्यही.

वाफ ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीत केबिनमध्ये बाहेरचं काही ऐकू येत नाही. मला ऐकू आली ती नवऱ्याची हाक. “धावा रे! घसरला! टाकीपाशी घसरला!”

दीर टाकीच्या पायरीशी कुशीवर पडले होते. डावा जबडा जागेवर नव्हता. गालाचं कातडं फाटून आतला दात बाहेरून दिसत होता. कानामागे हाड खचलं होतं, त्यातून रक्त येत होतं आणि ओल्या फरशीवरून नालीकडे चाललं होतं. त्यांचे पाय टाचा घासत हलत होते, जसं कोणी झोपेत सायकल चालवावी. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा माझ्या हाताला ते एका बाजूने मऊ लागलं.

त्या गडबडीत एक गोष्ट डोळ्यांनी टिपली आणि डोक्याने सोडून दिली. रॅक टाकीत बुडवलेला होता, आणि सुट्टी अजून संपली नव्हती. नंतर पैलवानानेच तो सवयीने वर काढला, भट्टीत सुकवला आणि बाजूला लावला. तोवर आम्ही दवाखान्यात होतो.

तिथे डॉक्टरांनी सांगितलं, हे पडून झालेलं नाही. मारलंय, आणि एकदा नाही. तेव्हा नवऱ्याला पैलवानाचं सकाळचं वाक्य आठवलं. ते सगळ्यांनीच ऐकलं होतं. पैलवान सुट्टीत भट्टीमागे एकटा डबा खात बसला होता. त्याच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. पोलिसांनी त्याला नेलं, आणि त्याचा आकडाही.

मी ती पट्टी हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात शेडचं मोठं दार सरकलं. पोलीस पैलवानाला घेऊन आले होते, कसं केलं ते जागेवर दाखवायला. त्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता. ओठ फाटून सुजले होते. तो तळपायांच्या कडांवर चालत होता. तळव्यांवर काय केलं असेल ते त्या चालीवरूनच कळत होतं.

“हं, दाखव,” अधिकारी म्हणाला. “कुठे उभा होतास?”

“भट्टीमागे, साहेब.”

“मारताना कुठे उभा होतास?”

“मारलंच नाही, तर कुठे उभा राहू?”

अधिकाऱ्याने त्याच्या कानाखाली मारली. बांधलेल्या हातांमुळे पैलवानाला तोल सावरता आला नाही. तो रॅकवर आपटला, पट्ट्या खणखणत खाली आल्या. शिपायाने त्याच्या गुडघ्यामागे काठी घातली. तो खाली बसला, पुन्हा उठवला, पुन्हा बसवला.

नवरा प्रेसच्या दाराशी उभा होता. “बोलून टाक, पैलवान,” तो शांतपणे म्हणाला. “खाल्ल्या मिठाला जाग.”

पैलवानाने उघड्या डोळ्याने मला शोधलं. “मॅडम, तुम्ही तरी सांगा ना. मी मोजे घातले होते. छोट्या मालकांनी दिलेले. जेवणापुरते सोडले तर काढले नाहीत, देवाशप्पथ. आता म्हणतात आकडा धुतला. मी कशाला धुऊ?”

मी पट्टी घेऊन केबिनमध्ये गेले आणि भिंगाचा दिवा लावला. खात्री करायची होती असं नाही. हात काहीतरी करत राहायला हवे होते.

माझ्यामागे दार लागलं.

“काय घेऊन फिरतेस?” नवऱ्याने विचारलं.

मी बाजूला झाले. तो दिव्याखाली वाकला. आधी त्याला काही दिसलं नाही. मग त्याने स्वतःचा उजवा हात नकळत वर आणला, त्या डागांच्या शेजारी, आणि लगेच खाली घेतला.

“हे काय?”

“तुमचा हात.”

“धुतली होती मी ती!” तो बोलून गेला, आणि मग थांबायचं कारणच उरलं नाही. “नळाखाली धुतली. वर तुझ्या त्या गरम आम्लात बुडवली. त्यात काय राहतं? हाडं विरघळतील त्यात!”

“नळाच्या पाण्याने तेल जात नाही. तुम्ही प्रेसवरून आला होतात.”

त्याने अंगठ्याने डाग घासला. मग रुमालाने घासला. मग नखाने. बाजूचा राखाडी थर थोडा खरवडला गेला, डाग तसाच चमकत राहिला.

“जात का नाही हे?”

“तिथे काही आहे म्हणून नाही. तिथे काही नाही म्हणून.”

“अक्कल शिकवू नकोस. गंज काढायच्या टाकीत टाक. त्यात हा थर निघतो ना? सगळा निघतो ना?”

निघतो. तीव्र आम्लात तो कपभर चहा पिऊन होईपर्यंत पार निघतो, आणि मग चमकणारं आणि न चमकणारं असं काही उरत नाही. मी तसं म्हटलं नाही, पण माझा चेहरा त्याला नीट वाचता यायचा. तो त्याने मेहनतीने शिकलेला होता.

त्याने माझा दंड धरला. तिथेच, पूर्वीच्याच जागी. हात पाठीमागे पिरगाळला आणि माझं डोकं फळीवर आपटलं. ब्युरेट फुटली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिचा उभा राहिलेला तुकडा माझ्या हनुवटीखाली घुसला. मला रक्ताआधी तिच्यातल्या द्रावाची झोंबणी कळली.

“तुझ्यामुळे झालं हे,” तो माझ्या कानात म्हणत होता, आवाज न चढवता, कारण मध्ये फक्त काच होती. “बाही वर करून काम करतेस, त्याने बघितला तुझा दंड. मला शिकवायला आला. म्हणे, वहिनीला पुन्हा हात लावलास तर मी पोलिसात जाईन. मला! याचं नाक पुसलंय मी लहानपणी!”

“म्हणून जबडा फोडलात.”

“एकदाच मारणार होतो.” त्याची पकड क्षणभर सैल झाली. “मग हात थांबेना.”

हेही वाक्य माझ्या ओळखीचं होतं. माझ्या तुटलेल्या बरगडीनंतर त्याने शब्दन्‌शब्द हेच म्हटलं होतं.

“सोड तिला.”

दारात सासूबाई उभ्या होत्या. दवाखान्यातून सरळ आल्या होत्या. हातातल्या पिशवीत दिरांचे कापून काढलेले कपडे होते. नवऱ्याने हात सोडला. त्या आत आल्या, दिव्याखाली वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. नवऱ्याचं तुटलेलं पेर रुमालात गुंडाळून तेव्हा दवाखान्यात धावल्या होत्या त्या याच. त्यांना भिंगाची गरज नव्हती.

“भाऊजी शुद्धीवर आले?” मी विचारलं.

“डोळे उघडलेत. बोलता येत नाही, तारांनी बांधलंय तोंड.” त्या पट्टीवरून नजर न काढता बोलत होत्या. “मी विचारलं, बाळा, कोण होतं रे? तर त्याने माझा हात धरला आणि हे…” त्यांनी स्वतःच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर चिमटीत धरलं. “हे दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. मी उठले आणि निघून आले.”

काचेपलीकडे काठीचा आवाज आला, आणि पैलवानाचा. त्याने शब्द सोडून दिले होते. नुसता आवाज होता.

“आई, तू घरी जा,” नवरा म्हणाला.

सासूबाईंनी माझ्या हनुवटीला पदराचं टोक लावलं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, सूनबाई,” त्या म्हणाल्या. “एक तिकडे नळ्या लावून पडलाय. दुसऱ्यालाही घेऊन गेले तर मी कुणाकडे बघू?”

“आणि बाहेर मार खातोय तो?”

“तो…” त्या अडखळल्या. “तो परका आहे गं.” हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की स्वतःलाच विचारल्यासारखं वाटलं.

नवऱ्याने तोवर पट्टी उचलली होती. दार उघडून तो सावकाश चालत निघाला. पोलिसांच्या शेजारून गेला; अधिकाऱ्याला “चहा सांगू का, साहेब?” असंही विचारलं. मालक आपल्या शेडमध्ये पट्टी घेऊन चाललाय, यात बघण्यासारखं काय आहे? पण तो पोचणार होता गंजाच्या टाकीपाशी.

मी धावले.

त्याने झाकण सरकवलं, पट्टी पुढे केली आणि मी मुठीची बाजू दोन्ही हातांनी पकडली. पुढचं टोक आम्लात गेलं. फसफसून फेस आला, वाफ नाकात घुसली. त्याने ओढलं, मी सोडलं नाही. त्याने कोपर माझ्या तोंडावर मारलं. सोडलं नाही. मग त्याने मूठ वळली आणि मारली, आणि माझा समोरचा दात जिभेवर आला. मी मागे पडले, पण पट्टी माझ्याबरोबर आली. एका टोकाचा थर निघाला होता. दुसरं टोक माझ्या हातात कोरडं होतं.

शेडमध्ये सगळं थांबलं. काठीसुद्धा.

“काय चाललंय काय?” अधिकाऱ्याने विचारलं.

“काही नाही, साहेब.” नवऱ्याने धाप आवरत हसून दाखवलं. “नवरा-बायकोचं आहे. घरचं.”

“मग घरी जाऊन करा ना. आम्ही इथे काम करतोय.” अधिकारी पैलवानाकडे वळला.

मी दात हातावर थुंकला. “साहेब, हे घरचं नाही. यांनी भावाला मारलं. या पट्टीने.”

“तिला डोक्याला लागलंय,” नवरा म्हणाला.

मी उठून पट्टी अधिकाऱ्यापुढे धरली. बोलताना तोंडातून रक्त येत होतं, म्हणून मी छोटी वाक्यं बोलले. “हे डाग बघा. तेलकट हाताने धरलं की तिथे थर चढत नाही. प्रेसवर काम करणाऱ्याचे हात तेलाचे असतात. मारून झाल्यावर यांनी पट्टी टाकीत बुडवली. धुतली जाईल म्हणून.”

“पाण्यातून काढल्यावर ठसे राहतात होय?”

“हे पाणी नाही. धरली त्या जागा सोडून इथे बाकी सगळीकडे थर चढतो. आता पैलवानाची बोटं बघा.”

अधिकाऱ्याने मान वाकडी करून पट्टी बघितली. मग शिपायाला खूण केली. शिपायाने पैलवानाचे बांधलेले हात वर केले. दोन नखं काळी पडली होती, पण बोटं सगळी पूर्ण होती.

“मालक,” अधिकारी म्हणाला, “उजवा हात बघू जरा.”

नवऱ्याने तो खिशात घातला. “साहेब, तुम्ही हिचं ऐकता? हिला रसायनं येतात. ती काय वाट्टेल ते करील त्या पट्टीवर. घरात पटत नाही आमचं, त्याचा सूड काढतेय.”

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ते पटण्यासारखं वाटत होतं. ते मला दिसलं. शेजारी पैलवान उभा होता, शिपायाने काखेत धरलेला, आणि काठी अजून शिपायाच्या हातात होती.

मी डावी बाही खांद्यापर्यंत वर केली. दंडावर आत्ताचीच लाल पकड होती, अजून फुगत चाललेली. मी पट्टी दंडाला समांतर धरली. तीन लांब आणि एक आखूड. तीन लांब आणि एक आखूड.

“हे मी रसायनाने केलेलं नाही,” मी म्हणाले.

अधिकाऱ्याने पट्टीवरून दंडाकडे आणि दंडावरून पट्टीकडे बघितलं. मग त्याने शिपायाकडून बेड्यांची किल्ली मागून घेतली आणि नवऱ्याला म्हणाला, “हात बाहेर काढा.” या वेळी मालक म्हणाला नाही.

नवरा मागे सरला. त्याचा खांदा रॅकला लागला आणि उरलेल्या पट्ट्या खाली आल्या. शिपायांनी त्याला त्या पट्ट्यांवर पालथा पाडून हात मागे ओढले. तो मला शिव्या देत होता, मग आईला हाका मारायला लागला. “आई, सांग ना यांना! आई!”

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा दुसरा हात धरला. त्यांची पकड मऊ होती. त्यांनी माझी बाही खाली ओढली, बटण लावलं, जसं शाळेत जाणाऱ्या पोरीचं लावावं.

“चल,” त्या म्हणाल्या. “तोंडातून किती रक्त येतंय तुझ्या. घरी चल आधी. काय बोलायचं ते घरी बोलू आपण. पुन्हा असं नाही होणार, मी आहे ना. चल, सूनबाई, घरी चल.”

केबिनमधल्या फुटक्या ब्युरेटमधून द्राव अजून थेंब थेंब गळत होता. मी ते वाक्य मनात म्हणायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं, की आता कुठली तोटी बंद करायची राहिलेली नाही.

“नाही, आई,” मी म्हणाले. “मी दवाखान्यात भाऊजींकडे जातेय. त्या घरात मी आता राहणार नाही.”